चुरमुऱ्याची माशी

मराठीत रिकामटेकड्या माणसाबद्दल 'माश्या मारतोय' म्हणतात. या छंदातला माणूस त्याच्याही पुढे गेलेला असतो, तो माश्या बांधतो. बोटाच्या पेराहूनही लहान गळावर पीस, दोरा आणि जर गुंडाळून खोटी माशी करायची, लांब लवचीक काठीने ती पाण्यावर फेकायची आणि माशाला ती खरी वाटेल या आशेवर उभं राहायचं. याला फ्लाय फिशिंग म्हणतात. माझी यात तीन वर्षं गेली. नाशकात आणखी कुणाला आपली घालवायची असतील तर निदान सुरुवात तरी धड व्हावी, म्हणून ही मार्गदर्शिका.

घरी काय सांगावं

काठी घेण्याआधी घर. आमच्या घरात मासा फक्त राशीभविष्यात यायचा, तोही फाल्गुनात जन्मलेल्या मामापुरता. आई माळकरी. तिला मी समजावलं की मासा धरून लगेच पाण्यात सोडायचा असतो, खायचा प्रश्नच नाही. वाटलं, मिटलं. आई म्हणाली, "खाणाऱ्याचं पोट तरी भरतं. तू त्या मुक्या जिवाच्या तोंडात सुई खुपसणार आणि वर 'जा बाबा' म्हणणार?" याला जगभरच्या फ्लाय फिशिंगवाल्यांकडे अजून पटेलसं उत्तर नाही. नवशिक्याने हा विषय जेवताना काढू नये.

इतिहास सांगून वजन पडेल असंही समजू नका. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या एलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या गळ्याजवळची दोन पिसं बांधतात आणि ठिपक्यांचे मासे धरतात. मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. आई म्हणाली, "तेव्हा त्यांना दुसरं काही काम नसेल."

पश्चिमेकडच्या नद्या म्हणजे कुठल्या

या विषयावरची बहुतेक पुस्तकं अमेरिकेतली. त्यात 'पश्चिमेकडच्या नद्या' असं सारखं येतं. तिथे त्याचा अर्थ माँटाना, आयडाहो अशा भागांतलं बर्फाचं वितळलेलं पाणी आणि त्यातले ट्राउट. ट्राउटला थंड पाणी लागतं. ब्रिटिशांनी तो मासा काश्मीरला नेला, निलगिरीत नेला, नाशकात आणला नाही. एप्रिलमधली गोदावरी बघितली की त्यांचं बरोबरच होतं म्हणायचं.

पण पश्चिमवाहिनी नद्या आपल्याकडेही आहेत. त्र्यंबकच्या डोंगरांत पाऊस पडतो तेव्हा एका उतारावरचं पाणी गोदावरी होऊन 1465 किलोमीटरचा प्रवास करत बंगालच्या उपसागराला जातं, आणि पलीकडच्या उतारावरचं वैतरणेतून अरबी समुद्र गाठतं. दमणगंगा, नार, पार यांचीही तोंडं तिकडेच. तेव्हा पुस्तकात 'पश्चिमेची नदी' असं आलं की खुशाल वैतरणा समजा. ट्राउटच्या जागी खडस वाचा. इंग्रज ज्याला महसीर म्हणायचे, त्याची आपल्या दख्खनमधली जात.

खडसाचं शास्त्रीय नाव टोर खुद्री. घाबरू नका, त्यातला 'खुद्री' आपलाच आहे. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खन फिरलेल्या कर्नल साइक्सने 1839 मध्ये इथल्या माशांची वर्णनं मांडली. भोई-कोळ्यांनी जे नाव सांगितलं त्यालाच लॅटिनची टोपी घालायची, अशी त्याची सोपी पद्धत. शिंगाळ्याचा त्याने 'सिंघाला' केला. 'कोलस' आणि 'अल्कुटी' तशीच. आजही परदेशातले प्राध्यापक हे शब्द गंभीर चेहऱ्याने उच्चारतात. माझ्यासारख्या मराठी माध्यमवाल्याला शास्त्रात एवढा घरगुतीपणा दुसरीकडे कुठे भेटलेला नाही.

काठी, दोरी, आसारी

साध्या गळात शिशाचं वजन पुढे जातं आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. इथे माशीला वजनच नसतं, म्हणून दोरीला दिलेलं असतं. दोरी जाड, रंगीत, गुळगुळीत. तिच्या टोकाला बारीक होत जाणारा तंगूस आणि त्याच्या टोकाला माशी. काठी मागे न्यायची, घड्याळात एक वाजल्यासारखी थांबवायची, मागे दोरी हवेत सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे आणून दहावर थांबवायची. सगळी विद्या मधल्या त्या थांबण्यात आहे. घाई केली तर मागे चाबकासारखा आवाज येतो आणि माशी गेलेली असते. उशीर केला तर ती तुमच्याच पाठीत.

येवलेकरांना हे शिकवावं लागत नाही. संक्रांतीला तिथे गच्चीगच्चीवर पतंगाची आसारी घेऊन बसलेली माणसं बघा. ढील कधी द्यायची, दोरा कधी ओढायचा, हे त्यांच्या मनगटाला लहानपणापासून माहीत असतं. फ्लाय फिशिंगचं रीळ म्हणजे लहान, महाग आणि कमी उपयोगाची आसारी. येवल्याचा एखादा जावई, मेहुणा असेल तर त्याच्याकडे आठ दिवस राहून या.

सरावासाठी पाणी लागत नाही. मी गोल्फ क्लब मैदानावर जायचो. त्याला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान म्हणायला हवं, पण चालायला येणारे अजून गोल्फ क्लबच म्हणतात. वेळ सकाळी सहाची. माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधायचा असतो, गळ नाही. मी पहिल्याच दिवशी गळ बांधला. डिसेंबर होता, धुकं होतं, आणि मागून चालत येणाऱ्या एका काकांची माकडटोपी माझ्या पुढच्या फेकीबरोबर वीस फूट उडून गवतात पडली. माझ्या आयुष्यातला पहिला झेल. काका रागावले नाहीत. त्यांनी बोडक्या डोक्यावरून हात फिरवत वर आभाळात बघितलं आणि विचारलं, "पतंग कुठाय तुमचा?"

माशी कशी बांधावी

गळ धरायला टेबलाला बसणारा एक छोटा व्हाइस लागतो. सातपूरच्या एमआयडीसीत काम केलेल्या माणसाला व्हाइस म्हणजे काय ते सांगायला नको, फक्त इतका लहान का, हे सांगावं लागतं. गळाचे नंबर शिवणाच्या सुईसारखे उलटे, आठ नंबर मोठा आणि सोळा नंबर बारीक. चाळिशीनंतर सोळाच्या नादी लागू नये.

बाकीचा माल नाशिक जिल्ह्यातच आहे, आणि हे मला या छंदाचं सगळ्यात मोठं सुख वाटतं. गावठी कोंबड्याच्या मानेवरची लांब निमुळती पिसं कोंबडीच्या दुकानात फुकट मिळतात. दुकानदार फक्त एकदा विचारतो, "करणीबिरणी काही नाही ना?" माशीच्या पोटावर सोनेरी चमक हवी असते. विलायतेत त्यासाठी वेगळी पट्टी विकत घेतात, आपण येवल्याच्या पैठणीच्या जरीचं टोक वापरावं. (कुठल्या पैठणीचं, ते घरी आधी विचारून. मी विचारलं नव्हतं.) मोरपिसाच्या दांडीवरचा एकेक तंतू गळाभोवती गुंडाळला की हुबेहूब भुंगेऱ्याचं अंग होतं. गळून पडलेलंच पीस घ्या. पाण्यावर टपटप आवाज करणाऱ्या माशीला बुचाचं अंग लागतं, आणि गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनरी उभ्या राहिल्यापासून या शहरात बुचांना तोटा नाही.

एक पीस मात्र वापरायचं नाही. सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या मानेवर टोकाला मेणाचा थेंब वाळल्यासारखे पिवळट ठिपके असलेली पिसं असतात. स्कॉटलंडच्या सामन माशासाठी बांधलेल्या नक्षीदार माश्यांना डोळे म्हणून हीच पिसं लावायची चाल पडली आणि आपले कोंबडे त्यापायी गेले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हे बंद आहे. हा नाद माणसाला कुठवर नेतो त्याचा एक नमुना सांगतो. 2009 मध्ये लंडनमध्ये बासरी शिकणारा एक अमेरिकन तरुण ट्रिंगच्या निसर्गसंग्रहालयाची खिडकी फोडून आत शिरला आणि 299 पक्ष्यांची पेंढा भरलेली कातडी सुटकेसमधून घेऊन गेला. कशासाठी? माश्या बांधायला. त्यातले काही पक्षी डार्विनच्या बरोबरीने उत्क्रांतीचा विचार मांडणाऱ्या वॉलेसने स्वतः जमवलेले होते. पैठणीच्या प्रसंगानंतर मी ही गोष्ट घरी सांगितली, तुलनेने मी बरा, असं सुचवायला. उपयोग झाला नाही.

दगड उलटा करून बघा

आता खरा अभ्यास. मासा त्या दिवशी जे खातोय त्याच्यासारखी माशी बांधायची, हा या विद्येचा पहिला नियम. त्यासाठी नदीतला दगड उचलून त्याची खालची बाजू बघतात. त्र्यंबकच्या वरच्या अंगाला, दिवाळीनंतर, घोट्याएवढ्या वाहत्या पाण्यातला दगड मी उलटा केला तेव्हा त्याला मेफ्लायच्या चपट्या, तीन शेपट्यांच्या अळ्या चिकटलेल्या होत्या, आणि वाळूच्या कणांची नळी करून तिच्यात राहणारी कॅडिसची एक अळी. तांदळाच्या दाण्याएवढं घर, कणाला कण लावून बांधलेलं. दहा मिनिटं मी मासे विसरलो. या जीवांना स्वच्छ, हवा खेळती असलेलं पाणी लागतं.

मग शहर ओलांडून खाली आलो आणि तिथला दगड उचलला. खाली काळा चिखल, वास, आणि त्यात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या. पाण्यात प्राणवायू उरत नाही तिथे याच तग धरतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल. एक दगड वरचा, एक दगड खालचा. मधे आपण सगळे राहतो.

लाल अळी बांधायला सगळ्यात सोपी. बारा नंबरचा गळ आणि पूजेची नाडाछडी, संपलं. पंचवटीत नाडाछडीचं बंडल मागितलं तेव्हा दुकानदाराने "सत्यनारायण का?" विचारलं. मी हो म्हणालो.

खडसासाठी उंबर बांधावं. तो किडे खातो, बारके मासे खातो आणि काठावरच्या झाडाची पाण्यात पडलेली फळंही खातो. उंबराखाली डोह असेल तर फळ पडल्याचा 'डुब्' आवाज हीच त्याची जेवणाची घंटा. तपकिरी लोकरीचा गोळा गळावर बांधून तसाच आवाज करत टाकायचा. मी दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी वैतरणेकाठी हा प्रयोग केला. आवाज उत्तम झाला. खडस काही आला नाही. धरणांनी वाटा अडवल्यापासून तो सगळीकडेच कमी झालाय. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याचं बीज तयार करून सोडतात, आणि रायगडात महाडजवळ वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून लोक त्याला हातही लावत नाहीत.

कुठे उभं राहावं, कुठे नाही

नांदूर मध्यमेश्वर विसरा. ते पक्ष्यांचं अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळही. धरणांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून काठावर जाळं विणत बसलेल्या माणसाला आधी रामराम घालायचा, विचारायचं आणि मगच काठी जोडायची. पावसाळ्यात काठी घरी. तेव्हा मासे अंडी घालायला चढणीला लागलेले असतात, आणि धरणातून विसर्ग सोडला की काठ दहा मिनिटांत बदलतो. पाण्यात किती खोल उतरावं याचं माप परदेशी पुस्तकं इंचात देतात. आपल्याकडे गोदावरीच्या पात्रात उभा दुतोंड्या मारुती आहे. त्याच्या पायाला पाणी लागलं की तुम्ही काठावर, कमरेला लागलं की तुम्ही घरी.

समुद्राचं थोडक्यात सांगतो, कारण माझा अनुभव थोडका आहे. जव्हारवरून डहाणूला गेलो. लाटांवर माशी टाकायची तर ओहोटी बघतात आणि वजनदार डोळ्यांची माशी घेतात. हे सगळं केलं. वारा समोरून होता. माशी तीनदा माझ्या टोपीत परत आली, चौथ्यांदा प्लास्टिकची पिशवी लागली. शेजारी एकाने पाग फेकला, ओढला आणि तो बोईट घेऊन घरी गेला. समुद्र संपला.

चुरमुऱ्याची माशी

आता जे मला स्वतःला सापडलं ते. पहिला नियम आठवा, मासा जे खातो ते बांधा. नाशकातला मासा काय खातो? घाटावर अर्धा तास उभे राहा म्हणजे कळेल. लाह्या, कणकेच्या गोळ्या, ब्रेड, शेव आणि मुख्यतः चुरमुरे. इंग्लंडात तळ्यातल्या सायप्रिनस माशासाठी कुत्र्याच्या बिस्किटासारखी दिसणारी माशी बांधतातच की. मी पांढरा फोम कातरला, दोन्ही टोकं निमुळती केली, मधे पोटाला फुगवटा ठेवला, वरून खारवल्यासारखी दिसावी म्हणून किंचित पिवळसर छटा दिली. दहा नंबरचा गळ आत लपला. वाटीतल्या खऱ्या चुरमुऱ्यांत ती ठेवली तर बायकोलाही ओळखू आली नाही. ती भडंगाला फोडणी देत होती, माशी थोडक्यात वाचली.

अडचण एवढीच होती की चुरमुरे ओळखणारे मासे राहतात घाटावर, आणि घाटावर गळ टाकण्याचा विचारही मनात आणायचा नाही. तो देवाचा भाग, लोक मासे धरू देत नाहीत, आणि योग्यच करतात. जिथे गळ टाकता येतो त्या गंगापूरच्या फुगवट्यावरच्या माशांनी जन्मात चुरमुरा पाहिलेला नव्हता. माझी माशी त्यांच्यावरून तरंगत जायची आणि चिलापी तिच्याकडे परग्रहावरची वस्तू असल्यासारखी बघून खाली जायची.

तिथे एक म्हातारबाबा रोज यायचे. बांबूची काठी, तंगूस, बूच आणि डालडाच्या डब्यात गांडुळं. तासाभरात त्यांच्या पिशवीत पाच-सहा चिलापी. त्यांनी माझी माशी तळहातावर घेतली, उलटसुलट केली, वास घेतला.

"चुरमुरा हाय का ह्यो?"

"हो बाबा."

"मंग खराच लावायचा ना. आन मासा लागला तर?"

"सोडून द्यायचा."

"सोडायचाच तर धरायचा कशाला, भाऊ?"

आईच आली होती धोतर नेसून.

तेव्हा मी ठरवलं की माशांनाच शिकवायचं. दर रविवारी अर्धा किलो चुरमुरे नेऊन एकाच खडकावरून मूठमूठ टाकायचे. पहिल्या रविवारी चुरमुरे वाऱ्याने परत काठाला लागले. दुसऱ्या रविवारी एक बारकं तोंड वर आलं. पाचव्या रविवारी मी खडकावर पाय ठेवला की पाणी खळखळू लागायचं. चिलापी, मागून गोल तोंडांचे कटले, एकमेकांच्या अंगावर चढणारे. सहाव्या रविवारी काठी जोडली, चुरमुऱ्याची माशी टाकली आणि पहिल्याच फेकीला मासा लागला. तळहाताएवढी चिलापी, अंगावर पुसट उभे पट्टे, कल्ल्याजवळ ओली चमक. गळाचा उलटा काटा मी आधीच पकडीने दाबून सपाट केला होता (हे कराच), त्यामुळे ती सहज सुटली. बोटांत क्षणभर नुसती थरथर राहिली. बाबांनी मान हलवली आणि काही बोलले नाहीत.

सातव्या रविवारी पोचलो तर खडकावर एक कुटुंब होतं. मुलगा मूठ भरून चुरमुरे टाकत होता. त्याची आजी हात जोडून उभी होती आणि शेजारणीला सांगत होती की इथले मासे माणसाची चाहूल ओळखतात. शनीला चांगलं असतं, असंही म्हणाली. मी काठी गाडीतच ठेवली. नवव्या रविवारी पंधरा माणसं होती. बाराव्याला खडकावर तेलरंगात अक्षरं आली, 'देवाचे मासे. धरू नये.'

अक्षर बाबांच्या नातवाचं आहे. बाबांनी बांबूची काठी आता पलीकडच्या काठावर नेली आहे, आणि नातू खडकापाशी चुरमुऱ्याच्या पुड्या विकतो. पुडी दहा रुपयांना. मला आठला देतो.